मूल ओरडून, गेंगाणं किंवा एकाच सुरात बोलतंय? रागवण्याआधी त्याचा कान तपासा

प्रत्येक वर्गात एखादा तरी मुलगा असा असतो, जो शेजारी बसलेल्या मित्राशीही ओरडूनच बोलतो. एखादी मुलगी गेंगाणं बोलते आणि मधल्या सुट्टीत तिची नक्कल केली जाते. एखाद्या मुलाच्या आवाजात चढउतारच नसतो. त्याने "पाणी पिऊन येऊ" असं विचारलं, तर तो परवानगी मागतोय की सांगून निघालाय, तेच बाईंना कळत नाही.

अशा मुलांना शाळेत पटकन नावं पडतात. ओरडून बोलणारा आगाऊ, हळू बोलणारी लाजाळू आणि सपाट बोलणारा उर्मट. घरीही "नीट बोल", "जरा हळू बोल", "नाकात नको बोलूस" एवढंच ऐकायला मिळतं.

पण मुलाच्या बोलण्याच्या सुराचा त्याच्या स्वभावाशी काही संबंध असेलच असं नाही. अनेकदा त्याचं मूळ कानात असतं, कधी टाळूत, कधी नाकामागे, तर कधी घशात. मुलाला स्वतःला ते कळत नाही, कारण आपला आवाज इतरांना कसा ऐकू जातो हे त्याला माहीतच नसतं.

तर हे नेमकं काय असतं, ते कसं ओळखायचं आणि दाखवायचं कुठे, हे सविस्तर बघू.

आवाज वेगळा आणि उच्चार वेगळा

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. 'र' ला 'ल' म्हणणं, 'क' ला 'त' म्हणणं, म्हणजेच बोबडं बोलणं, हा उच्चाराचा दोष झाला. बोलताना अडखळणं म्हणजे तोतरेपणा. आवाजाचा दोष या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. शब्द बरोबर असतात, पण ते ज्या आवाजात येतात त्यात काहीतरी खटकतं.

आवाजात मुख्यतः चार गोष्टी बघितल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे पट्टी. आवाज किती वरचा आणि किती खालचा आहे ते. स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात यावर ती ठरते. पुरुषांमध्ये हा आकडा साधारण १०० ते १३०, स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास आणि लहान मुलांमध्ये साधारण २५० ते ३०० असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठेपणा, म्हणजे आवाज किती जोरात येतो.

तिसरी गोष्ट आवाजाचा पोत. तो मोकळा आहे, घोगरा आहे, खरखरीत आहे की हवा गळाल्यासारखा आहे.

चौथी गोष्ट म्हणजे घुमण. घशातून निघालेला आवाज तोंडात आणि नाकात कसा घुमतो यावर तो गेंगाणा की मोकळा ते ठरतं.

याच्या जोडीला बोलण्याची लय आणि चढउतार असतात. मराठीत "तू आलास" हे विधान आहे आणि "तू आलास?" हा प्रश्न. शब्द तेच आहेत, फरक फक्त सुराचा. ज्या मुलाच्या आवाजात चढउतारच येत नाही, त्याचा प्रश्न, विनंती आणि हट्ट हे सगळं ऐकणाऱ्याला सारखंच वाटतं.

आवाज घशातून येतो, ताबा कानाकडे असतो

फुफ्फुसातून हवा वर येते, स्वरयंत्रातले स्वरतंतू थरथरतात आणि तोंड, जीभ, टाळू, ओठ मिळून त्या आवाजाचे शब्द करतात. हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण या सगळ्यावर लक्ष ठेवण्याचं काम कान करतो.

आपण बोलताना स्वतःचा आवाज सतत ऐकत असतो. जरा मोठा झाला की कमी करतो, सूर चढला की खाली आणतो. हे इतकं आपोआप होतं की आपल्या लक्षातही येत नाही. कानाला हेडफोन लावून जोरात गाणी ऐकणाऱ्या माणसाला हाक मारून बघा. तो उत्तर देतो तेव्हा ओरडतो. त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसतो, म्हणून अंदाज चुकतो.

फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये याच गोष्टीवर लिहिलं. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे त्यांनी दाखवलं. आजही त्याला लोंबार परिणाम म्हणतात. बहिरेपणाचं सोंग करणाऱ्यांना पकडण्यासाठीही ही युक्ती वापरली गेली. ज्याला खरोखरच ऐकू येत नाही त्याच्या कानात गोंगाट सोडला तरी त्याचा आवाज बदलत नाही. सोंग करणाऱ्याचा मात्र चढतो.

मोठ्या माणसाचं ऐकणं कमी झालं तर त्याच्याकडे निदान जुनी सवय असते. मूल मात्र बोलायला शिकतं तेच ऐकून. प्रश्न विचारताना सूर वर जातो, वर्गात बोलायचा आवाज वेगळा आणि मैदानात ओरडायचा वेगळा, हे कोणी त्याला शिकवत नाही. ते ऐकून ऐकून येतं. ऐकण्यातच अडथळा असेल तर आवाजाचं हे शिक्षण अर्धवट राहतं.

ऐकू कमी येतं तेव्हा आवाजात काय बदल होतो?

सगळ्या मुलांमध्ये एकसारखाच बदल होत नाही. ऐकण्याचा दोष किती आहे, कधीपासून आहे आणि कानाच्या कोणत्या भागात आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट अशी की, काही मुलं ऐकू कमी येत असल्यामुळे जोरात बोलतात, तर काही त्याच कारणामुळे हळू बोलतात.

दोन्ही कानात बोटं घालून एखादं वाक्य बोलून बघा. बाहेरचा आवाज कमी होतो, पण स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा मोठा वाटतो, कारण आपला आवाज हाडांमधूनही आपल्यापर्यंत पोहोचतो. कानात मळ घट्ट बसलेला असेल, कान वाहत असेल किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलेलं असेल, तर मुलाचं नेमकं असंच होतं. त्याला स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून ते हळू बोलतं. बाई म्हणतात, "आवाज चढव जरा." मुलाला वाटतं, मी तर चांगलं मोठ्याने बोलतोय.

दोष आतल्या कानात किंवा ऐकण्याच्या नसेत असेल तर उलट होतं. बाहेरचाही आवाज कमी ऐकू येतो आणि स्वतःचाही. मग मूल गरजेपेक्षा जोरात बोलतं.

दोष जास्त असेल तर पट्टीही बदलते. अनेक मुलांचा आवाज वयाच्या मानाने वरच्या पट्टीत राहतो किंवा बोलता बोलता अचानक वर उडतो. आवाज ऐकू येत नाही, निदान घशात जाणवावा म्हणून काही मुलं घशावर ताण देऊन बोलतात. बोलण्याचा वेग मंदावतो, स्वर लांबतात आणि वाक्य सपाट होतं. मऊ टाळू कधी उचलायची आणि कधी खाली ठेवायची हेही ऐकूनच जमतं. त्यामुळे काहींचा आवाज गेंगाणा होतो, तर काहींचा घशात कोंडल्यासारखा येतो.

मुलगे १२ ते १५ च्या वयात येतात तेव्हा त्यांचा आवाज फुटतो. या काळात तो जवळपास एका सप्तकाने खाली येतो. मुलींच्या आवाजातही बदल होतो, पण थोडा. नीट ऐकू येणारा मुलगा काही महिने चाचपडत नव्या आवाजाला सरावतो. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, त्याला हे सरावणं अवघड जातं आणि त्याचा आवाज वरच्या पट्टीतच अडकून राहू शकतो.

'मामा' म्हटलं आणि 'बाबा' ऐकू आलं

मूल नाकात बोलतं, असं सगळेच म्हणतात. पण 'नाकात बोलणं' दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींची कारणं अगदी वेगळी असतात.

पहिल्या प्रकारात हवा नाकातून जास्त जाते. मराठीत म, न, ण यांसारखी अक्षरं म्हणताना हवा नाकातून जायलाच हवी. बाकी बहुतेक अक्षरांच्या वेळी मऊ टाळू वर उचलली जाते आणि नाकाची वाट बंद करते. टाळूला जन्मतः फट असेल, टाळू आखूड असेल किंवा तिची हालचाल नीट होत नसेल, तर ही वाट उघडी राहते. मग 'बाबा' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ते 'मामा'च्या जवळचं वाटतं. यालाच गेंगाणा आवाज म्हणतात. फाटलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही मुलांमध्ये हा दोष उरतो. त्यांना स्पीच थेरपी आणि कधी कधी आणखी एक शस्त्रक्रिया लागते.

दुसऱ्या प्रकारात नाकाची वाट बंद असते. सर्दीत आपण सगळेच असे बोलतो. 'मामा'चं 'बाबा' होतं आणि 'नाना'चं 'दादा'. सर्दी नसतानाही मूल महिनोन्महिने असंच बोलत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढलेली असू शकते.

या दोन्हींचा कानाशीही संबंध आहे. नाकाच्या मागून कानापर्यंत एक नळी जाते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. अ‍ॅडिनॉइड वाढली किंवा टाळूचे स्नायू नीट चालत नसले, की या नळीचं काम बिघडतं आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. त्यामुळे गेंगाणं बोलणाऱ्या किंवा नाक चोंदल्यासारखं बोलणाऱ्या मुलाचा कानही तपासायला हवा.

आणि घोगरा आवाज?

शाळकरी मुलांमध्ये आवाज सतत बसलेला किंवा खरखरीत असण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे स्वरतंतूंवर आलेल्या छोट्या गाठी. या कॅन्सरच्या गाठी नसतात. हाताला घट्टे पडतात तशा या पडतात, सतत ओरडून आणि घशावर ताण देऊन. मुलग्यांमध्ये त्या जास्त दिसतात.

ब्रिटनमध्ये ८ वर्षांच्या ७ हजारांहून जास्त मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञांना ६ टक्के मुलांच्या आवाजात दोष आढळला, तर पालकांच्या मते हे प्रमाण ११ टक्के होतं. ज्या गोष्टींचा आवाजाच्या दोषाशी संबंध दिसला, त्यात दमा आणि वारंवार होणारी सर्दी होती. त्यांच्यासोबत आणखी एक गोष्ट होती, कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागातल्या अडथळ्यामुळे वारंवार कमी ऐकू येणं.

म्हणजे घोगऱ्या आवाजाचा प्रश्नही पुन्हा कानापाशी येऊ शकतो.

साध्या सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज काही दिवसांत सुटतो. ३-४ आठवडे होऊनही तो सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवं. आवाज बसलेला आहे आणि श्वास घेतानाही आवाज येतोय किंवा धाप लागतेय, अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

'मुकं' म्हणणं का चुकीचं आहे?

आपल्याकडे बहिरा आणि मुका हे शब्द जोडीनेच येतात. त्यातून असा समज होतो की ऐकू न येणाऱ्या मुलाच्या घशातही काही बिघाड असतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे खरं नाही. त्यांचे स्वरतंतू इतरांसारखेच असतात.

जन्मतः ऐकू न येणारं बाळही इतर बाळांसारखंच रडतं आणि पहिले काही महिने हुंकारही देतं. म्हणूनच अनेक घरांमध्ये शंका येत नाही. फरक पुढे दिसतो. ऐकू येणारी बाळं साधारण ६ ते १० महिन्यांच्या काळात 'बाबाबा', 'दादादा' असे स्पष्ट आवाज जोडायला लागतात. ज्यांना ऐकू येत नाही त्या बाळांमध्ये हा टप्पा लांबतो. वर्षाच्या आसपास आलेलं बाळ असं काही बोलत नसेल, तर "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले" म्हणत थांबण्यापेक्षा कान तपासून घेणं चांगलं.

जगभरात यासाठी १-३-६ असा नियम सांगितला जातो. १ महिन्याच्या आत कानाची प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू.

मग शाळेत येईपर्यंत लक्षात कसं येत नाही?

अजिबात ऐकू न येणारं मूल लवकर लक्षात येतं. निसटतात ती मधली मुलं. थोडं कमी ऐकू येणारी, एकाच कानाने ऐकणारी, किंवा सर्दी झाली की कमी आणि बरी झाली की पुन्हा नीट ऐकणारी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार २० डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकू येत असेल तर ऐकणं सामान्य धरलं जातं. २० ते ३५ पर्यंत सौम्य दोष आणि ३५ ते ५० पर्यंत मध्यम. आपलं नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. त्यामुळे सौम्य दोष असलेल्या मुलाला शांत घरात, समोरासमोर बोललेलं कळतं. घरचे म्हणतात, "त्याला सगळं ऐकू येतं, फक्त आपल्या सोयीचं ऐकतो."

वर्गात मात्र चित्र बदलतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. वर्गात भिंतींमुळे हे गणित थोडं बदलतं, पण शेवटच्या बाकापर्यंत बाईंचा आवाज क्षीणच होऊन पोहोचतो. त्यात वरचा पंखा, बाहेरचा रस्ता आणि वर्गातली कुजबुज. शिवाय प्रार्थना, पाढे, कविता हे सगळं सामुदायिक असतं, त्यात एका मुलाचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही.

यातून जे होतं ते जास्त वाईट असतं. चारदा टोकल्यावर आणि नक्कल झाल्यावर मूल बोलणंच कमी करतं. प्रकट वाचनाला नकार देतं, शंका विचारत नाही. बोलणं कमी झालं की सराव कमी होतो आणि दोष आणखी पक्का होतो. बाहेरून मात्र ते फक्त अभ्यासात मागे पडलेलं दिसतं.

कोणत्या खुणा दिसल्या तर तपासणी करावी?

- मूल सतत गरजेपेक्षा जोरात किंवा फार हळू बोलतं आणि सांगूनही थोड्या वेळात पुन्हा तसंच होतं.
- बोलण्यात चढउतार नाही, प्रश्न आणि विधान सारखंच वाटतं.
- आवाज वयाच्या मानाने फार वरचा आहे किंवा मध्येच उडतो.
- आवाज गेंगाणा आहे, किंवा सर्दी नसताना नाक चोंदल्यासारखा येतो.
- आवाज ३-४ आठवड्यांपेक्षा जास्त काळ घोगरा आहे.
- मागून हाक मारली तर लक्ष जात नाही, पण समोरून बोललं की कळतं.
- "काय?" असं वारंवार विचारतं, किंवा बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघतं.
- टीव्हीचा आवाज सारखा वाढवतं.
- कान वारंवार दुखतो किंवा वाहतो.

यातली एखादी खूण असली म्हणजे दोष आहेच असं नाही. पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर रागवण्यात वेळ घालवू नये.

तपासणी कुठे होते आणि त्यात काय करतात?

सगळ्यात जवळचा मार्ग शाळेतूनच जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा शुभारंभ महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाला. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा आरोग्य पथक येतं. ऐकण्याचा दोष, कानाचा संसर्ग, फाटलेले ओठ-टाळू आणि भाषेच्या वाढीतला उशीर हे सगळं त्यांच्या यादीत आहे. गरज असेल तर पथक मुलाला पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. कार्यक्रमातून होणारे उपचार मोफत असतात.

पण पथकाकडे एका मुलासाठी थोडाच वेळ असतो. ज्या मुलाच्या आवाजाबद्दल शंका आहे, त्याचं नाव बाईंनी किंवा पालकांनी पथकाला आधीच सांगितलं तर ते मूल गर्दीत निसटत नाही.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था याच कामासाठी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांमध्येही कान-नाक-घसा विभाग असतो.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नसतं. डॉक्टर आधी कान बघतात. मग ऑडिओमेट्रीत मुलाला हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की हात वर करायला सांगतात. पडद्यामागे पाणी आहे का, हे एका वेगळ्या तपासणीत काही सेकंदांत कळतं. उत्तर देऊ न शकणाऱ्या लहान बाळांसाठी बेरा नावाची तपासणी असते, ती बाळ झोपेत असताना करतात. घोगऱ्या आवाजासाठी बारीक दुर्बिणीने स्वरतंतू बघतात.

उपचार काय असतात?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऐकणं, मग आवाज. ऐकण्याची सोय न करता फक्त "असं बोल, तसं बोल" असा सराव करून घेणं म्हणजे आरसा न देता केस विंचरायला सांगणं.

कानात मळ किंवा पाणी असेल तर त्यावर उपचार होतात आणि ऐकणं बऱ्याचदा पूर्ववत होतं. दोष आतल्या कानात असेल तर श्रवणयंत्र, आणि दोष फार तीव्र असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट. इम्प्लांट लावलेल्या व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की त्यांच्या आवाजाचा मोठेपणा आणि पट्टी लगेच बदलताना दिसली आहे. आवाजावरचा ताबा कानाकडे असतो, याचा याहून सोपा पुरावा नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते.

यानंतर स्पीच थेरपी. थेरपिस्ट मुलाचा हात स्वतःच्या आणि त्याच्या घशावर, छातीवर, नाकाच्या बाजूला ठेवून कंप जाणवून देतात. संगणकावर आवाजाचा आलेख दाखवतात. सूर वर गेला की रेघ वर, खाली आला की खाली. जे कानाला पुरतं कळत नाही ते डोळ्यांना आणि हाताला कळतं. गेंगाण्या आवाजासाठी नाकाखाली छोटा आरसा धरतात. 'बाबा' म्हणताना त्यावर वाफ आली, तर हवा नाकातून गेली.

स्वरतंतूंवरच्या गाठींसाठी मुलांमध्ये सहसा आधी आवाजाची थेरपीच करतात, शस्त्रक्रियेची गरज क्वचित पडते. पुरेसं पाणी पिणं, लांबून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन बोलणं, अशा साध्या सवयींनीही फरक पडतो. घसा बसल्यावर जोर लावून कुजबुजणं मात्र टाळावं, त्यानेही ताण येतो.

वेळ किती लागतो? काही मुलांना काही महिने, काहींना काही वर्षं. लवकर सुरुवात झाली तर काम सोपं जातं.

शिक्षक काय करू शकतात?

मुलाला पुढच्या बाकावर, पण खिडकी आणि पंख्यापासून दूर बसवणं. फळ्याकडे तोंड करून न बोलणं. चारचौघांत टोकण्याऐवजी एक खूण ठरवणं, जसं की हात खाली केला म्हणजे आवाज कमी कर. आणि नक्कल करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी थांबवणं.

मूल श्रवणयंत्र वापरत असेल तर रोज सकाळी एक मिनिटाची चाचणी करता येते. डॅनियल लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. तोंड कागदाने झाकून 'म', 'ऊ', 'आ', 'ई', 'श', 'स' हे सहा आवाज नेहमीच्या आवाजात म्हणायचे आणि मुलाने ते परत म्हणायचे. 'म' सगळ्यात खालचा, 'स' सगळ्यात वरचा. बोलण्यातले खालपासून वरपर्यंतचे आवाज त्यात येतात. काल जमलेला आवाज आज जमला नाही, तर बॅटरी, साचा किंवा कान, काहीतरी बघायला हवं. मूल वाढतं तसा त्याचा कानही वाढतो आणि यंत्राचा साचा सैल होतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे मात्र करू नका

जिभेला वेखंड लावणं, कानात गरम तेल घालणं, गळ्यात ताईत बांधणं, हे उपाय अजूनही सुचवले जातात. यातल्या कशानेही ऐकणं किंवा आवाज सुधारल्याचा पुरावा नाही. वाहत्या कानात तेल घातलं तर त्रास वाढू शकतो. जीभ चिकटलेली असली तर काही उच्चारांना अडथळा येऊ शकतो, पण गेंगाणा, सपाट किंवा घोगरा आवाज त्यामुळे होत नाही.

कायद्याच्या व्याख्येत न बसणारी मुलं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलेलं आहे. त्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर 'ऐकू कमी येणं' आणि ७० डेसिबलचा दोष असेल तर 'बहिरेपणा' धरला जातो. प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणाऱ्या सवलती याच व्याख्येवर चालतात. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं दिव्यांगत्व असलेल्या ५० लाखांहून जास्त व्यक्तींची नोंद झाली होती.

पण ४० डेसिबलचा दोष असलेलं किंवा एका कानाने ऐकणारं मूल या व्याख्येत बसत नाही. त्याला प्रमाणपत्र नाही, म्हणून शाळेच्या नोंदीतही त्याचं नाव नाही. त्याचा आवाज आणि अभ्यास मात्र रोज मागे पडत असतो. अशा मुलासाठी सरकारी कागद पुढे येणार नाही. त्याचं वेगळं बोलणं ज्यांना रोज ऐकू येतं, ते बाई, सर आणि आई-बाबाच पुढे येऊ शकतात.

आणखी एक गोष्ट. सगळ्याच मुलांचा आवाज उपचारांनंतर इतरांसारखा होईल असं नाही, आणि तसा व्हायलाच हवा असंही नाही. अनेक कर्णबधिर मुलं भारतीय सांकेतिक भाषेत उत्तम शिकतात आणि व्यक्त होतात. त्या भाषेच्या संशोधन आणि प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्रही सुरू झालं. कोणाचा आवाज कसा आहे यावरून त्याची हुशारी मोजता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लहान मुलांमधला जवळपास ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारख्या कारणांमुळे येतो. दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन आणि १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो. पण तपासणीसाठी त्या तारखांची वाट बघायची गरज नाही. पुढच्या वेळी एखादं मूल ओरडून बोललं, तर "हळू बोल" म्हणण्याआधी त्याच्या मागे उभं राहून हळूच हाक मारून बघा. त्याने वळून बघितलं नाही, तर पुढचं काम मोठ्यांचं आहे.